ऐकणारी ताई, ऐकणारा दादा: शाळेतल्या एका जुन्या कल्पनेचा इतिहास



अलीकडे काही पालक दवाखान्यात एक नवा प्रश्न घेऊन येतात. शाळेनं नववी-दहावीतली काही मुलं-मुली निवडली आहेत, त्यांना थोडं प्रशिक्षण मिळणार आहे आणि मग ती मुलं खालच्या वर्गातल्या मुलांचं 'ऐकून घेणार' आहेत. ज्यांच्या मुलीची निवड झाली ते विचारतात, "डॉक्टर, दुसऱ्यांची दुःखं ऐकून हिच्याच डोक्याला ताप होणार नाही ना?" ज्यांचा मुलगा सहावी-सातवीत आहे ते विचारतात, "मनातलं सांगायचं तर आम्ही आहोत, बाई आहेत. दहावीचं पोर त्याला काय सल्ला देणार?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. पण वयात आलेली मुलं माझ्याकडेही येतातच. पोट दुखतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल. दोन-तीन भेटींनंतर कधी तरी खरं कारण बाहेर येतं, आणि तेव्हा बहुतेक वेळा कळतं की ते कारण एका मैत्रिणीला किंवा मित्राला आधीपासून ठाऊक होतं. आईवडिलांच्या, शिक्षकांच्या आणि डॉक्टरच्याही आधी. या मित्राला ते ऐकून पुढे काय करायचं, हे मात्र कुणी शिकवलेलं नसतं.

ते शिकवावं ही कल्पना आजची नाही. वेगवेगळ्या नावांनी ती अनेकदा वापरून झाली आहे. ती कुठे चालली, कुठे फसली याचा इतिहास कळला, की वरच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपोआप मिळतात. म्हणून आज आजाराबद्दल न लिहिता थोडा इतिहास लिहितो.

नावं लिहिणारा मॉनिटर

मराठीत 'ऐकणे' या शब्दाची एक गंमत आहे. "आमचा मुलगा अजिबात ऐकत नाही" असं आई म्हणते, तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असं आपण समजत नाही. तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरात आणि शाळेत ऐकायचं काम लहानांचं, सांगायचं काम मोठ्यांचं. मोठ्या विद्यार्थ्यांना शाळेत जे काम दिलं गेलं, तेही शतकानुशतकं सांगण्याचंच होतं.

आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत पुढे गेलेला मुलगा मागच्या मुलाकडून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचा. पंतोजी एक, मुलं अनेक, मग दुसरं काय करणार? दक्षिणेतही हीच रीत होती. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री 1789 साली मद्रासला, सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. तिथं त्यानं मलबारी मुलांना वाळूत बोटानं अक्षरं काढून शिकताना पाहिलं आणि आपल्या शाळेत तसं करून पाहायचं ठरवलं. मोठे शिक्षक राजी होईनात. तेव्हा त्यानं आठ वर्षांच्या एका मुलाला लहान मुलांचा वर्ग दिला आणि त्या मुलानं तो चालवून दाखवला. 1797 मध्ये बेलनं लंडनमध्ये यावर पुस्तक छापलं. त्याच सुमारास लंडनमध्येच जोसेफ लँकेस्टरनंही गरीब मुलांसाठी अशीच शाळा काढली होती. 'मॉनिटर' पद्धत जगभर गेली, आणि पुढे तीच पद्धत विलायती शिक्का घेऊन मुंबई इलाख्यातल्या शाळांत परत आली. आपलीच वस्तू परदेशातून फिरून आली की तिचा भाव वाढतो, हे तेव्हाही होतं.

या पद्धतीत शिकवणं स्वस्त झालं, हे खरं. पण मॉनिटर म्हणजे हाताखालच्या मुलांवर नजर ठेवणारा छोटा साहेब. लँकेस्टरच्या शाळेत चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवायचे, कुणाला टोपलीत घालून छताला टांगायचे. तिकडे श्रीमंतांच्या बोर्डिंग शाळांत वरच्या वर्गातल्या प्रीफेक्ट मुलांना शिक्षा करण्याचा अधिकार होता. आपल्या शाळेतला मॉनिटर त्यामानानं सौम्य. बाई बाहेर गेल्या की तो फक्त फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो! पण लक्षात घ्या, 'जो बोलेल त्याचं नाव लिहायचं' हीच मोठ्या मुलाला मिळालेली सर्वात परिचित जबाबदारी आहे. 'जो बोलेल त्याचं ऐकायचं' ही जबाबदारी शाळेत यायला विसावं शतक निम्म्याहून जास्त उलटावं लागलं. आणि ती आली शाळेबाहेरून.

लिंकनमधला एक अंत्यविधी

1935 साली इंग्लंडमधल्या लिंकन शहरात चॅड व्हारा नावाच्या तरुण पाद्र्यानं आपल्या आयुष्यातला पहिला अंत्यविधी केला. तो होता चौदा वर्षांच्या एका मुलीचा. तिनं जीव दिला होता. कारण काय, तर तिची पाळी सुरू झाली होती. पाळी म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. रक्त पाहून आपल्याला लैंगिक रोग जडला असं तिनं ठरवलं आणि विचारायचं कुणाला, हे तिला सुचलं नाही.

डॉक्टर म्हणून ही गोष्ट मला फार बोचते, कारण इथं आजार नव्हताच. निरोगी शरीरातली एक नैसर्गिक घटना होती. वर्गातल्या कुठल्याही मोठ्या मुलीनं दोन मिनिटांत सांगितलं असतं, "अगं, हे सगळ्यांनाच होतं." एवढं एक वाक्य तिच्यापर्यंत पोहोचलं नाही.

व्हारानं मुलांना शरीराबद्दल, लैंगिकतेबद्दल मोकळेपणानं शिकवायला सुरुवात केली. त्यावरून त्याला बराच विरोधही झाला. (हा गृहस्थ पुढे मुलांच्या चित्रकथाही लिहायचा. मुलांची भाषा त्याला येत होती.) मग लंडनमध्ये रोज सरासरी तीन आत्महत्या होतात हे त्याच्या वाचनात आलं. आग लागली तर फोन करायला नंबर आहे, पण जीव नकोसा झाला तर? 2 नोव्हेंबर 1953 ला लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये त्यानं त्यासाठी एक फोन सुरू केला. त्या काळी इंग्लंडमध्ये आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो कायदा 1961 मध्ये बदलला. म्हणजे मनातलं बोलायलाही माणूस घाबरत असणार.

पुढे जे घडलं ते आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. फोन करून लोक प्रत्यक्ष भेटायला येऊ लागले. व्हारा एकटा, बाहेर रांग. रांगेतल्या लोकांना चहा द्यायला, सोबत बसायला काही स्वयंसेवक येत. साधी माणसं, कुणाकडे मानसशास्त्राची पदवी नाही. काही आठवड्यांत व्हाराच्या लक्षात आलं की बरेच लोक चहा पिऊन, स्वयंसेवकाशी बोलून, त्याला न भेटताच हलके होऊन घरी जात आहेत. स्वयंसेवक सल्ला देत नव्हते, उपदेश करत नव्हते, ते फक्त ऐकत होते. थोड्या लोकांनाच त्याच्याकडे किंवा डॉक्टरकडे पाठवावं लागत होतं. 2 फेब्रुवारी 1954 ला त्यानं फोन उचलण्याचं काम या स्वयंसेवकांच्या हाती सोपवलं. स्वतःकडे ठेवलं ते त्यांची निवड करणं, त्यांना तयार करणं आणि ज्यांना जास्त मदत हवी त्यांना पाहणं. ही संस्था म्हणजे आजची 'समॅरिटन्स'.

माझ्या मते पुढच्या सगळ्या प्रयोगांचा सांगाडा या तीन महिन्यांत तयार झाला. ऐकणारा साधा माणूस असावा, त्याच्या मागे जाणता माणूस उभा असावा, आणि कुणाला पुढे पाठवायचं हे ऐकणाऱ्याला कळावं. यातली एक बाजू काढून टाकली की डोलारा कोसळतो. कसा, ते पुढे येईलच.

मानसशास्त्रानं मान्य केलं

व्हाराला जे चहाच्या कपामागे दिसलं, ते त्याच दशकात अमेरिकेत कार्ल रॉजर्स हा मानसशास्त्रज्ञ शास्त्राच्या भाषेत मांडत होता. 1957 च्या त्याच्या प्रसिद्ध लेखाचा गाभा असा: समोरच्याला बदलायला लावणारी गोष्ट म्हणजे उपचारकाचा चतुर अर्थ लावणं नव्हे, समोरच्याच्या जागी जाऊन समजून घेणं, त्याला न जोखता स्वीकारणं आणि स्वतः खोटं न वागणं, या गोष्टी त्याला बदलायला मदत करतात. आता हे गुण काही पदवीबरोबर मिळत नाहीत. आपल्या ओळखीत अशिक्षित आजीकडे ते भरभरून असतात आणि एखाद्या सुवर्णपदकवाल्या डॉक्टरकडे नसतात. मग ते शिकवता येतील का? 1960 च्या सुमारास मार्गारेट रिओक यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत आठ मध्यमवयीन गृहिणींना समुपदेशनाचं प्रशिक्षण देऊन पाहिलं. त्यांचं काम तज्ज्ञांना मान्य करावं लागलं. साध्या माणसाला शिकवता येतं, हे सिद्ध झालं. साध्या मुलाला येतं का, हा प्रश्न उरला होता.

पालो आल्टो, 1970

कॅलिफोर्नियातलं पालो आल्टो हे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शेजारचं, शिकलेल्या आणि सधन लोकांचं गाव. 1970 चा काळ. व्हिएतनामचं युद्ध, घरोघरी बाप-लेकांत वाद, शाळेच्या आवारापर्यंत आलेले अमली पदार्थ. शाळांत समुपदेशक होते, पण मुलं त्यांच्याकडे जाईनात. मुलं एकमेकांकडे जात होती.

तिथल्या शाळांच्या मानसशास्त्रज्ञ बार्बरा व्हॅरनहॉर्स्ट आणि स्टॅनफर्डच्या बालमानसोपचारतज्ज्ञ बिअ‍ॅट्रिक्स हॅम्बर्ग यांनी ठरवलं की मुलं जातातच आहेत तर ज्यांच्याकडे जातात त्यांना तयार करू. या हॅम्बर्गबाईंबद्दल थोडं सांगायला हवं. येल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून 1948 मध्ये डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. संस्थेत आपण एकटंच वेगळं असणं म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

त्यांच्या प्रशिक्षणात मानसिक आजारांची यादी पाठ करायची नव्हती. बोलायला सुरुवात कशी करायची, 'हो-नाही'च्या पलीकडचा प्रश्न कसा विचारायचा, समोरचा गप्प झाला तर आपण ती शांतता कशी सोसायची, त्यानं जे सांगितलं ते आपल्या शब्दांत परत कसं म्हणून दाखवायचं, याचा सराव. मग घर, शाळा, मैत्री, तब्येत अशा विषयांवर निर्णय घेताना सोबत कशी करायची. आणि मग नीती: काय पोटात ठेवायचं आणि काय ठेवायचं नाही. प्रशिक्षण संपलं म्हणजे प्रमाणपत्र घेऊन मोकळे, असंही नव्हतं. काम करणाऱ्या मुलांनी मोठ्या मार्गदर्शकाबरोबर नियमित बसायचं, आपण काय ऐकलं, कुठे अडलो ते बोलायचं, हा कार्यक्रमाचाच भाग होता. कामही साधं असायचं. शाळेत नवीन आलेला मुलगा, डबा खाताना एकटी बसणारी मुलगी, यांच्याजवळ जाऊन बसणं.

1972 मध्ये या दोघींनी आपला अनुभव एका मानसोपचार नियतकालिकात लिहिला आणि अमेरिकेत अशा कार्यक्रमांचं पेव फुटलं. 1987 पर्यंत अशा कार्यक्रमांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली.

इथंच गोष्ट थांबवली तर ती छान वाटेल, पण अर्धवट राहील. त्याच पालो आल्टोमध्ये 2009-10 आणि पुन्हा 2014-15 मध्ये शाळकरी मुलांच्या एकापाठोपाठ आत्महत्या झाल्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राला तिथं तपासाला पथक पाठवावं लागलं. यावरून जुना कार्यक्रम निकामी होता असं म्हणणं चूक ठरेल. मधे चाळीस वर्षं गेली होती. पण 'आमच्या शाळेत ऐकणारे विद्यार्थी आहेत, आता काळजी नाही' असं जी शाळा सांगते, तिनं पालो आल्टो आठवावं. ऐकणं म्हणजे लस नव्हे.

'लिसनर' हा शब्द तुरुंगातून आला

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण ब्रिटनमध्ये 'लिसनर' हे नाव अशा कामाला रुळलं ते तुरुंगात. 1990 मध्ये वेल्समधल्या स्वान्सीच्या तुरुंगात पंधरा वर्षांच्या एका मुलानं जीव दिला. त्यानंतर 1991 मध्ये समॅरिटन्सनी तिथं कैद्यांनाच प्रशिक्षण देऊन 'लिसनर' नेमले. वॉर्डरजवळ कैदी बोलत नाही. शेजारच्या कोठडीतल्या माणसाजवळ बोलतो. शाळेची तुलना तुरुंगाशी करायचा माझा हेतू नाही (विद्यार्थी वाचक हसत असतील), पण तर्क तोच आहे: ज्याच्या हातात शिक्षेचा किंवा मार्कांचा अधिकार आहे, त्याला मनातलं सांगणं अवघड असतं.

त्याच दशकात ब्रिटिश शाळांत दादागिरीचा, म्हणजे बुलिंगचा, प्रश्न ऐरणीवर आला होता. वरच्या वर्गातल्या मुलांना त्रास सोसणाऱ्या लहान मुलांचं ऐकायला शिकवणं, हा त्यावरचा एक उपाय म्हणून अनेक शाळांनी स्वीकारला. हेलन कावी या प्राध्यापिकेनं हे काम सर्वात बारकाईनं तपासलं. त्यांनी आणि पॉल नेलर यांनी 1999 मध्ये 51 शाळा-महाविद्यालयांची पाहणी प्रसिद्ध केली. दादागिरी बंद झाली, असं त्यांना म्हणता आलं नाही. पण ज्यांनी मदत घेतली त्यांना ती उपयोगी वाटली, आणि मदत करणाऱ्या मुलांचा आत्मविश्वास वाढला. शाळेला आपली पर्वा आहे, अशी भावनाही तयार झाली.

कावींच्या कामात एक खटकणारी गोष्ट वारंवार दिसली. ऐकणाऱ्यांत मुली खूप, मुलगे कमी. मुलगे मदत मागायलाही कचरत. "हे बायकी काम" ही चेष्टा तिथंही होती. आपल्याकडे वेगळं काही घडेल असं मला वाटत नाही. शाळेत एकही ऐकणारा दादा नसेल, तर आठवीतला मुलगा ताईकडे जाऊन काही विशिष्ट गोष्टी कधीच बोलणार नाही.

उपयोग होतो का, आणि अपाय?

डॉक्टरला औषधाबद्दल जे दोन प्रश्न पडतात तेच इथंही विचारायला हवेत.

उपयोगाबद्दलचा एक चांगला अभ्यास 2010 मध्ये पीटर वायमन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या 18 हायस्कूलमध्ये निवडक विद्यार्थ्यांना प्रशिक्षण दिलं. कोणत्या शाळेत आधी, कोणत्या शाळेत नंतर, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं, म्हणजे तुलना प्रामाणिक राहते. मोठ्या शाळांत प्रशिक्षित मुलांनी आत्महत्येचे विचार असलेल्या मित्राला मोठ्या माणसापर्यंत नेण्याचं प्रमाण इतरांच्या चौपट आढळलं. बाकीच्या मुलांतही 'मोठ्यांकडे मदत मागितली तर चालतं' ही समजूत वाढली. आत्महत्या किती कमी झाल्या, हे या अभ्यासात मोजलेलं नव्हतं. वाढली ती मित्राकडून मोठ्यापर्यंत जाणारी वाट. मला हीच सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ऐकणारा विद्यार्थी हा उपचारक नव्हे, तो दवाखान्यापर्यंत हात धरून नेणारा सोबती आहे.

अपायाचीही नोंद आहे. 1999 मध्ये थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बिघडण्याच्या वाटेवर असलेल्या मुलांना एकत्र गटात बसवलं, तर ती काही वेळा एकमेकांना आणखी बिघडवतात. म्हणून 'सगळ्या त्रासलेल्या मुलांचा एक गट करा आणि त्यांना आपसात बोलू द्या' हा सोपा वाटणारा उपाय धोक्याचा आहे. दुसरा अपाय ऐकणाऱ्याला होतो. पंधरा वर्षांच्या मुलीला मैत्रीण सांगते, "मला जगायचं नाही, पण शपथ घे, कुणाला सांगायचं नाही." शपथ घेतलेली ही मुलगी रात्रभर जागी राहते. चार दिवसांनी ती डोकेदुखी घेऊन माझ्यासारख्या डॉक्टरकडे येते. तिच्या डोळ्यांचा नंबर तपासून काय मिळणार?

म्हणूनच मोठ्यांच्या हेल्पलाइनवर पाळली जाणारी जवळपास संपूर्ण गुप्तता शाळेत जशीच्या तशी आणता येत नाही. शाळेतला नियम आधीच, बोलणं सुरू होण्यापूर्वी सांगायचा असतो: "तू जे सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुला कुणी त्रास देत असेल, किंवा तुझ्यामुळे दुसऱ्याला धोका असेल, तर मी एकटी ठेवणार नाही. आपण दोघी मिळून बाईंकडे जाऊ." शपथ घ्यायचीच नाही. आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्याची शिक्षा बालकाला होत नाही, पण मोठ्यांना होऊ शकते. ऐकणाऱ्या विद्यार्थ्यानं हे ज्यांच्या कानावर घालायचं ते शिक्षक कोण, हे ठरलेलं नसेल तर तो कार्यक्रम सुरूच करू नये.

एक गैरसमज इथंच दूर करतो. 'आत्महत्येबद्दल विचारलं तर मुलाच्या डोक्यात ती कल्पना भरेल' अशी भीती अनेक पालकांना वाटते. 2005 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं. थेट विचारल्यानं असे विचार वाढले नाहीत.

नालंदा आणि गोवा

आता आपल्या देशात येऊ. 1996 मध्ये गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 'संगत' ही संस्था सुरू केली. डॉक्टर कमी, रुग्ण अफाट, तर प्रशिक्षित सामान्य माणसं मानसिक आरोग्याचं काम किती करू शकतील, हा संगतचा कायमचा प्रश्न. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि दवाखान्यांत त्यांनी तो तपासला आणि नंतर शाळांकडे वळले. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या 74 सरकारी शाळांत 'सेहेर' नावाचा मोठा अभ्यास झाला. तो 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. काही शाळांत बाहेरून नेमलेला एक प्रशिक्षित सामान्य माणूस, त्याचं नाव 'सेहेर मित्र'. काही शाळांत तेच काम प्रशिक्षित शिक्षकाकडे. काही शाळांत नेहमीचाच कार्यक्रम. परिपाठाच्या वेळी विषय, भित्तिपत्रक, मुलांनी मनातलं चिठ्ठीवर लिहून टाकायची पेटी आणि गरज असेल त्याच्याशी एकट्यानं बोलणं, असं त्याचं स्वरूप.

ज्या शाळांत मित्र होता तिथं वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी कमी झाली. जिथं तेच काम शिक्षकांकडे होतं तिथं फरक पडला नाही. शिक्षकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ज्यांच्या माथी जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं, त्यांच्यावर आणखी एक काम टाकलं तर काय होणार? शिवाय मार्क देणारा आणि ऐकणारा एकच असला की मूल गप्प बसतं, हे स्वान्सीच्या तुरुंगापासून आपण पाहत आलो आहोत.

'सेहेर मित्र' हा विद्यार्थी नव्हता, हे लक्षात ठेवा. विद्यार्थ्यांवर जबाबदारी टाकणारे सरकारी कार्यक्रमही आहेत. जानेवारी 2014 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात गावपातळीवर 'साथिया' नावाचे मुलगे आणि मुली नेमण्याची तरतूद आहे. 2020 पासूनच्या आयुष्मान भारतच्या शालेय कार्यक्रमात दोन शिक्षकांना आरोग्याचे दूत नेमायचं आहे आणि निरोप पोहोचवायचं काम वर्गाच्या मॉनिटरकडे आहे. पुन्हा मॉनिटर! फळ्यावर नावं लिहिणाऱ्याच्याच हातात आरोग्याचा निरोप. निरोप सांगण्यापुरतं ठीक आहे. पण मनातलं ऐकायचं असेल तर वर्गातला पहिला नंबर आणि बाईंचा उजवा हात ही निवड करण्याची पद्धत चुकीची आहे. मुलं आपणहून ज्याच्याकडे जातात तो कोण, हे मुलांनाच विचारावं. तो बऱ्याचदा मधल्या बाकावरचा असतो.

हे सगळं एवढ्या गांभीर्यानं का घ्यायचं? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती.

तुम्ही शाळेला काय विचाराल

तुमच्या मुलीची निवड झाली असेल तर घाबरून नाही म्हणू नका. ऐकायला शिकलेल्या मुलांचा स्वतःचाही फायदा होतो, हे वरच्या अभ्यासांत दिसलं आहे. पण शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा: या मुलांच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या व्यक्तीचं नाव काय? तिनं स्वतः समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलंय का? मुलं तिला दर किती दिवसांनी भेटणार? सुट्टीत, रात्री, परीक्षेच्या काळात मुलीला काही गंभीर ऐकू आलं तर तिनं कुणाला फोन करायचा? ही जबाबदारी नको वाटली तर कमीपणा न वाटता सोडता येईल का? उत्तर 'हो, हो, सगळं बघू' असं आलं तर अजून तयारी झालेली नाही असं समजा. एका तासाचं भाषण आणि शर्टावर बिल्ला, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत.

घरी मुलीकडून दुसऱ्यांची गुपितं काढून घेऊ नका. "आज कुणी काय सांगितलं?" ऐवजी "आज तुला जड गेलं का?" एवढंच विचारा. झोप उडाली, जेवण कमी झालं, मोबाइल वाजला की दचकते, असं दोन आठवडे दिसलं तर तिला थोडे दिवस या कामातून बाजूला घ्या आणि आमच्यासारख्या कुणाला तरी दाखवा.

आणि तुमचा मुलगा सहावी-सातवीतला असेल तर: दहावीचा दादा त्याला सल्ला देणारच नाही, द्यायचा नसतो. तो ऐकेल, आणि गरज वाटली तर त्याला घेऊन मोठ्यांकडे येईल. ते मोठे तुम्हीही असू शकता. तेव्हा पहिलं वाक्य "हे आम्हाला आधी का नाही सांगितलंस?" असं नसावं.

ज्या शाळेत यातलं काहीच नाही, तिथल्या मुलांसाठी दोन नंबर घरात दिसतील अशा जागी लिहून ठेवा. 14416 हा 'टेली-मानस'चा, चोवीस तास, मोफत आणि मराठीतही. 1098 हा मुलांसाठीचा. त्याची सुरुवात 1996 मध्ये आपल्या मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून झाली. दोन्ही नंबर मुलांना पाठ असावेत, आणि मित्रासाठीही फोन करता येतो हे त्यांना माहीत असावं.